सुनामीचा रकाना

१

शालिग्राम नखाते यांना जगातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता. पण सगळ्यांत जास्त तिटकारा होता तो नऊ रकान्यांच्या त्या फॉर्मचा.

तीस वर्षं एका सरकारी कचेरीत बाबूगिरी करून ते निवृत्त झाले. घरात बसवेना, म्हणून रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात सुरक्षा विभागाचे कागद सांभाळायला लागले. मुलगी शर्मिष्ठा तिथेच प्रयोगशाळेत केमिस्ट होती. गुढियारीतल्या घरून रोज सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून यायचे. स्कूटी ती चालवायची. बीरगांव येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक ट्रकवाल्याला नावं ठेवायचं काम हे करायचे.

फॉर्म विमा कंपनीचा होता. कारखाना आता कुठल्याशा परदेशी समूहात गेला होता, आणि त्या समूहाचे कारखाने समुद्रकाठच्या देशांतही होते. तिथला फॉर्म तोच इथला फॉर्म. पहिला रकाना भूकंपाच्या धक्क्याचा, दुसरा ज्वालामुखीच्या राखेचा, तिसरा सुनामीच्या लाटेचा, असं करत करत नववा आणि शेवटचा: ‘बाहेर काढलेल्या व्यक्ती’. रोज एक फॉर्म दुपारी बाराच्या आत पाठवायचा.

"रायपूरमंदी सुनामी!" पहिल्याच दिवशी नखाते टाइम ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते. "समुद्र कुठं, आपण कुठं? मधात आख्खा ओडिशा. इथं लाट याची म्हणजे तिले आधी रिझर्वेशन करा लागन."

सगळे हसले. नखात्यांना लोकांना हसवायला आवडायचं, फक्त हसताना कोणीतरी खाली पडलेलं असावं लागे. त्या दिवशी समुद्र पडला होता.

कचेरीत जिथे कळवण्यासारखं काही नसतं तिथे ‘निरंक’ लिहायची रीत. हा शब्द नखात्यांनी जन्मभर लिहिला होता. इथे आल्यावर त्यांनी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला, आणि पहिल्या तारखेला चहा पितापिता आख्ख्या महिन्याचे फॉर्म ठोकून मोकळे होऊ लागले. फेब्रुवारीचे अठ्ठावीस फॉर्म, नऊ रकाने, दोनशे बावन्न शिक्के. नववा रकानाही त्यातच आला. काही घडायचंच नाही, तर बाहेर कोणाला काढता?

दर तीन महिन्यांनी आपत्तीची तालीमही करायची असायची. तीही कागदावरच व्हायची. ‘४१ व्यक्ती, ४ मिनिटे’ असं लिहायचं आणि खालच्या मजल्यावर सह्या घेत फिरायचं. सायरन वाजे तो पाळी सुटायला.

२

नऊ तारखेला नखात्यांनी त्या दिवसाचा फॉर्म फाइलमधून काढला आणि चष्मा पुसला. तिसऱ्या रकान्यात शिक्का होता. शिक्क्याखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘०.१ मी., ११.४०’.

टाइम ऑफिसातल्या लोकेशला त्यांनी लगेच वर बोलावलं. फाजीलपणा करावा तर त्यानेच.

"मी नाई लिहिलं, साहेब. आपका ही अक्षर है ये. बघा ना, चार कसा काढला आहे."

चारचा आकडा नखाते शेवटी आत वळवून काढायचे. कचेरीत त्यावरून कोणी खाडाखोड केली तर ते लगेच पकडत. हा चार तसाच आत वळलेला होता.

"निघ," ते म्हणाले. कोरा फॉर्म काढून त्यांनी नऊ शिक्के मारले आणि पाठवून दिला.

अकरा चाळीसला ते आपल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसलेले होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. खालच्या बोळातून ओलं पोतं फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज आला. लांब जाणारा. मग काहीच नाही. भट्टीची घरघरही त्या क्षणापुरती लांब गेल्यासारखी वाटली. आणि मग खालीच कुठेतरी, अगदी हलकं, सप्.

ते जिना उतरले. तळमजल्यावर एक लांब बोळ होता. एका बाजूला प्रयोगशाळा आणि कँटीन, दुसऱ्या बाजूला टाइम ऑफिस, आणि टोकाला भिंत. भिंतीपलीकडे कोळशाचं आवार. बोळाची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली होती. दोन्ही भिंतींवर चार बोटं उंचीची ओली रेघ होती, सुतात आखल्यासारखी.

पँट वर दुमडून भैय्यालाल रामटेके उभा होता. तो पंप चालवायचा. कारखाना सुरू झाला तेव्हापासून पंपावर होता, आणि पाण्याचं काही अडलं की मोठे इंजिनियरसुद्धा आधी त्याला विचारत.

"साहेब, पाणी आलं," तो म्हणाला. "आधी मांगं गेलं. बादलीतलं, मोरीतलं, समदं तिकडं ओढून नेल्यावानी गेलं. मंग आलं."

"तिकडं म्हणजे कुठं?"

भैय्यालालने टोकाच्या भिंतीकडे हात केला.

"भिंतीतून?"

"हव. खारं आहे, साहेब. मी चाखून पायलं."

तोवर कँटीनची आणि टाइम ऑफिसची माणसं दारात आली होती. नखात्यांना आणखी काय हवं होतं!

"तुया पंपाचा वॉल्व्ह गळते, अन् तू मले समुद्र दाखवतं? चाखून पायलं म्हणे! उद्या मासोळ्या पकडजो. पोछा आण अन् पूस हे."

लोक खोखो हसले. भैय्यालाल हसला नाही, रागावलाही नाही. त्याने पोछा आणला आणि बोळ पुसला. पुसताना त्याने टोकाच्या भिंतीकडे एकदाही पाठ केली नाही, हे नखात्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना त्याचाही राग आला.

३

सिलतऱ्याला काळी धूळ नवी नाही. बायका वाळत घातलेले कपडे झटकूनच आत आणतात. पण बारा तारखेला नखात्यांच्या खिडकीत जी धूळ साचली होती ती पांढुरकी होती. त्यांनी ती बोटाने पुसली, तर खिडकीच्या काचेवर चरा उठला.

फॉर्म त्यांनी त्यानंतर उघडला. दुसऱ्या रकान्यात ‘२ मि.मी.’ होतं. त्यांनी तो फाडला, दुसरा ठोकला आणि पाठवला.

धूळ शर्मिष्ठाने चिमूटभर पुडीत बांधून नेली होती. दुपारी कँटीनमध्ये ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, ये अपना नहीं है. आपल्या राखेत कार्बन असतो. इसमें है ही नहीं. ही काच आहे. मायक्रोस्कोप में देखा मैंने, एकदम बारीक काच."

"कोणाची बाटली फुटली असन."

"बाबा, मैं सीरियस हूँ. ऐसी राख ज्वालामुखी की होती है."

नखाते नाकातून हसले. ते हसू सगळ्या घराला माहीत होतं; त्यांची बायको पद्मिनी त्या हसण्यानंतर बोलणंच सोडून द्यायची. "ऐका रे!" ते पलीकडच्या टेबलांना म्हणाले. "एमएस्सी केलं पोट्टीनं. म्हणते, सिलतऱ्यात ज्वालामुखी फुटला!"

शर्मिष्ठाचे कान लाल झाले. डबा अर्धवट ठेवून ती उठून गेली. तिचा चेहरा बघून नखात्यांना आत कुठेतरी टोचलं, पण मागे घ्यायची सवय नव्हती. चार दिवसांनी कोणीतरी तोच विषय काढला तेव्हा तीच आधी हसली, नाकातून. पुडी तिने कचऱ्यात टाकल्याचं नखात्यांना कळलं आणि त्यांना बरं वाटलं.

४

रविवारी ते घरी होते. पद्मिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, हे पेपर वाचत होते. छताला लटकलेला दिवा हलायला लागला. मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या.

"मालगाडी गेली," आतून पद्मिनी म्हणाली.

गुढियारीत रुळांजवळ राहणाऱ्याला हे नवं नाही. दिवसातून वीसदा घर हलतं. नखाते मान खाली घालून पुन्हा वाचायला लागले. मग त्यांना वाटलं, गाडीचा आवाज आला नाही. कधीकधी येत नसेल. वारा उलटा असला की येत नसेल. मालगाडीचा आवाज आला नाही असं याआधी कधी झालं होतं, ते आठवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

"काहून असे बसले?" पद्मिनीने बाहेर येऊन विचारलं.

"कायले काय? पेपर वाचून राहिलो."

सोमवारी त्यांनी रविवारचा फॉर्म काढला. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: ‘धक्का, ११.४०, गुढियारी’.

५

मग मात्र त्यांनी दाराला कडी लावली आणि महिन्याचे उरलेले सगळे फॉर्म टेबलावर मांडले.

सोळापासून तेवीसपर्यंत शिक्केच होते. चोवीस तारखेच्या फॉर्मवर तिसऱ्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘लाट, ०.३ मी., ११.४०, तळमजला’. नवव्या रकान्यात अक्षर नव्हतं. तिथे फक्त त्यांचा शिक्का होता. बाहेर काढलेल्या व्यक्ती: निरंक.

पंचवीसपासून पुढचे फॉर्म कोरे होते. त्यांनी स्वतः ठोकलेले शिक्केही त्यांवर नव्हते.

चोवीसचा फॉर्म त्यांनी फाडला. दुसरा काढला, तर त्यावरही तेच होतं. ब्लेडने नववा रकाना खरवडला. कागद पातळ झाला, शिक्का तसाच राहिला. हे लोकेशचं काम नव्हतं, इतकं त्यांना आता कळलं होतं. कोणाचं होतं, या प्रश्नाकडे त्यांनी डोकं जाऊच दिलं नाही. त्यांना दिसत होती ती एकच गोष्ट. तळमजल्यावर एक्केचाळीस माणसं बसतात, आणि त्यांत आपली पोट्टी आहे.

०.३ मीटर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. त्यात कोण बुडणार? त्यांनी स्वतःला बजावलं, आणि बजावताना त्यांना फॉर्मसोबत आलेली पुस्तिका आठवली. तिच्यावर ते चहाचा कप ठेवायचे. डाग पडलेलं पान त्यांनी उलटलं. ‘लहान लाटेला कमी लेखू नये. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. पाणी ओसरल्यावर लोक सामान आणायला परततात, आणि बहुतेक बळी तेव्हाच जातात.’

त्यांनी पुस्तिका मिटली. सायरन वाजवणं त्यांच्याच हातात होतं. लोकांना बाहेर काढणंही अवघड नव्हतं. पण बाहेर काढून सांगायचं काय? रायपुरात सुनामी येऊन राहिली? लोकेशला सांगायचं? भैय्यालालला? या कल्पनेने त्यांच्या अंगावर जो काटा आला तो लाटेच्या भीतीने आलेल्या काट्याहून मोठा होता. असा हा माणूस.

६

चोवीस तारखेला सकाळी शर्मिष्ठाने सुट्टी घ्यावी म्हणून त्यांनी घरी नाना कारणं काढली. आईचे गुडघे दुखतात, स्कूटीचा ब्रेक लागत नाही. तिने ब्रेक दाबून दाखवला आणि निघाली.

सव्वाअकराला ते प्रयोगशाळेत गेले. तिची भट्टी तापलेली होती, आत नमुना होता.

"चाल, चहा घेऊ बाहेर, गेटवर."

"अभी? बाबा, सैंपल लगा है."

"राहू दे तो सैंपल. चाल म्हटलं ना."

तिने हातमोजे काढले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "क्या हुआ? तबियत ठीक आहे ना तुमची?"

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दोघंच होती, हसायलाही कोणी नव्हतं. शब्द तोंडाशी आला आणि नखात्यांनी तो गिळला. बारा दिवसांपूर्वी ज्या पोरीला चारचौघांत मूर्ख ठरवलं तिच्यासमोर मूर्ख ठरायचं त्यांना जमेना.

"काही नाई," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

अकरा तेहतीसला त्यांनी सायरन दाबला.

माणसं दारात आली आणि एकमेकांना विचारू लागली की कोणाची पाळी सुटली. कोणी बाहेर पडेना. का पडावं? नखात्यांनीच तीन वर्षं शिकवलं होतं की तालीम सहीने होते. "तालीम आहे! काट्यावर चला!" ते ओरडले. ट्रक मोजायच्या काट्याचा चौथरा आवारात सगळ्यांत उंच होता. लोक म्हणाले, "सही इथंच घ्या ना, साहेब."

तेवढ्यात पंपाकडून भैय्यालाल आला. त्याने नखात्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"येऊन राहिली काय?"

नखात्यांनी मान हलवली.

"हव," भैय्यालाल म्हणाला. तो दारादारांत गेला, कँटीनचा गॅस बंद केला, लोकेशच्या हातातला फोन काढून खिशात घातला, शर्मिष्ठाला दंडाला धरून बाहेर आणलं. त्याच्यावर कोणी हसलं नाही. अकरा एकोणचाळीसला एक्केचाळीस माणसं काट्यावर उभी होती.

७

इमारतीचं दार काचेचं होतं. त्यातून बोळ दिसत होता.

आधी तो आवाज आला, ओल्या पोत्याचा. आवारातल्या डबक्यातलं पाणी दाराकडे सरकलं, पायरी चढलं आणि आत गेलं. मग बोळाच्या टोकाकडून पाणी आलं. घाई नव्हती त्याला. राखाडी रंगाचं, नडगीपर्यंतचं पाणी, वर पांढुरका फेस. दार ढकलून ते पायरीवरून उतरलं, काट्याच्या उतारापर्यंत पसरलं, कोणाची तरी चप्पल घेऊन आलं, ती तिथेच ठेवून पाच-सात मिनिटांत परत गेलं.

मग लोकेश म्हणाला, "एवढीशीच, साहेब?"

आता तरी त्या माणसाने तोंड उघडून खरं सांगावं की नाही? पण नखात्यांना सुटकेने हसूच फुटलं. "मंग! रायपूरची सुनामी रायपूरएवढीच असन. रिझर्वेशन भेटलं नसन बिचारीले, जनरलमंदी आली!"

काट्यावर हशा उसळला. नखात्यांनी खिशातून चोवीसचा फॉर्म काढला. नववा रकाना. मांडीवर कागद धरून त्यांनी शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ४१. चार आत वळवून काढला. शाई धरली, आकडा राहिला. तीस वर्षांत कुठल्याही आकड्याने त्यांना इतका आनंद दिला नव्हता. मग वेळ लिहायची राहिली, ती लिहिली. शेरा राहिला, तोही लिहायला घेतला. चांगला, सविस्तर, वरच्यांना दिसेल असा.

"साहेब." भैय्यालालने त्यांचं मनगट धरलं होतं. "ठेवा तो कागद. पोट्टीले बोलवा."

नखात्यांनी वर बघितलं. काट्यावर ते आणि भैय्यालाल होते. बाकी कोणी नव्हतं. कोणाचा डबा आत होता, कोणाचं पाकीट. कँटीनमधून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. लोकेश ‘जनरलमंदी आली’ असं कोणाला तरी नखात्यांच्या आवाजात करून दाखवत होता.

दारात शर्मिष्ठा होती. सलवार खोचलेली, चपला हातात.

"शर्मू!" ते ओरडले. "वापस ये!"

"बाबा, सैंपल जल जाएगा!"

"लाट येऊन राहिली! मोठी! शर्मू, खरंच सांगून राहिलो, लाट येऊन राहिली!"

अखेर ते बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आतून हशा आला. शर्मिष्ठाही हसली, नाकातून.

तिच्या पायांपाशी फरशी सुकत होती. दारापासून आत, एकेक फरशी, भराभर. नखात्यांची नजर त्या सुकत्या फरशांबरोबर बोळातून टोकापर्यंत गेली. तिथे भिंत नव्हती. तिथे खूप लांबवर उजेड होता, आणि त्या उजेडात एक आडवी काळी रेघ होती. ती जाड होत होती.

शर्मिष्ठाची पाठ तिकडे होती. नखाते धावत सुटले, उतारावर पडले, उठले. चष्मा कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

"दो मिनट, बाबा," ती म्हणाली, आणि आत गेली.